डिलीटच्या शेजारी पॉवरचं बटण ठेवणारा माणूस कोण असेल?

उलटा_स्लॅश

गेल्या मंगळवारी ऑफिसनं नवा लॅपटॉप हातात ठेवला. जुना साडेपाच वर्षांचा झाला होता, बिजागऱ्या ढिल्या, पंखा पिठाच्या गिरणीसारखा. नवा हलका, पडदा देखणा, बॅटरी दिवसभर पुरते. पहिली दहा मिनिटं मी खूश होतो.

अकराव्या मिनिटाला एक अक्षर खोडायला करंगळी उजव्या वरच्या कोपऱ्यात गेली आणि पडदा काळा. मीटिंग चालू होती, शेअर केलेला पडदाही माझाच. झालं असं की डिलीट जिथं असायचं तिथं आता पॉवरचं बटण आहे आणि डिलीट एक घर डावीकडे सरकलंय. वीस वर्षं ही करंगळी न बघता त्या कोपऱ्यात जातेय. तिला कोण समजावणार? (कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. ही खोड तिच्या एकटीची नाहीच.)

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. वरचा आणि खालचा बाण मिळून एका बटणात कोंबलेत, वाटाण्याएवढे. होम, एंड, पेज अप, पेज डाउन गायब, एफएन (फंक्शन) बटण दाबून बाणांवर शोधायचे. वरच्या एफ-१ ते एफ-१२ च्या ओळीचा मूळ अर्थ आवाज आणि उजेड. डीबग करताना, म्हणजे कोडमधली चूक शोधताना, एफ-१० दाबला की पुढच्या ओळीवर जायचं ही बोटांची सवय. काल एका लूपमध्ये चौदा वेळा एफ-१० दाबला. कोड जागचा हलला नाही, पडद्याचा उजेड मात्र असा वाढला की शेजारचा म्हणाला, गाडीचे हेडलाइट लावलेस का?

पत्र लिहिणाऱ्याचं काम मधल्या तीन ओळींत भागतं. आपला, कोड लिहिणाऱ्यांचा, संसार सगळा कडेला. महिरपी कंस, चौकटी कंस, उभी दांडी, बॅकटिक, टिल्डे, एस्केप, कंट्रोल, बाण, होम-एंड. आणि लॅपटॉप बारीक करायचा म्हटलं की कात्री पहिली फिरते ती कडेवरच. ताटली लहान आहे म्हणून पोळीच्या कडा कापाव्यात तसं.

सध्या केलेले उपाय: कॅप्स लॉकला एस्केप केलं, एफएन लॉक चालू केलं (एफएन न दाबता एफ-ओळ चालते). एस्केप लांब पडत असेल तर विम या कोड लिहायच्या एडिटरमध्ये कंट्रोल आणि डावा चौकटी कंस, तेच काम होतं. आणि यापुढे अंकांचा वेगळा गठ्ठा उजवीकडे असलेला लॅपटॉप घ्यायचाच नाही. त्यानं सगळा कीबोर्ड डावीकडे ढकलला जातो आणि मान वाकडी होते. तुम्ही लोक काय करता?

फोडणी_बिट

+१. पॉवर बटणाचं पुढचं बघ. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'बटण दाबल्यावर काय करायचं' असं विचारतात, तिथं 'काहीही नाही' निवड. चार-पाच सेकंद दाबून धरलं तर मशीन तरीही बंद होतंच, त्यामुळे अडत नाही.

सातओळी

धागा वाचून जखमेवरची खपली निघाली.

आम्ही लेनोवोच्या थिंकपॅडवाले. २०११ पर्यंत, म्हणजे टी-४२० आणि एक्स-२२० पर्यंत, सात ओळींचा कीबोर्ड यायचा. होम-एंड, पेज अप-डाउन, इन्सर्ट-डिलीट सगळे उजव्या कोपऱ्यात आपापल्या घरी. २००९ च्या टी-४००-एसला तर एस्केप आणि डिलीट मुद्दाम दुप्पट उंचीचे केले होते, लोक ही बटणं किती वापरतात ते बघून. म्हणजे कंपनीला कळत होतं! आणि २०१२ मध्ये टी-४३० ला सहा ओळी आल्या, सुटी-सुटी चपटी बटणं.

खरा कळस २०१४ चा. एक्स-१ कार्बनच्या दुसऱ्या पिढीत एफ-ओळच काढली आणि त्या जागी स्पर्शाची पट्टी दिली. चालू प्रोग्रॅमप्रमाणे पट्टीवरची चिन्हं बदलायची. कॅप्स लॉक उडवून तिथं होम आणि एंडची दोन अर्धुकं बसवली. पुढच्याच वर्षी, तिसऱ्या पिढीत, मुकाट्यानं सगळं जागेवर. २०१३ च्या टी-४४० ला लाल टिकलीची (कीबोर्डाच्या मधोमध असलेल्या माउसच्या खुंटीची) वेगळी बटणं काढली होती, तीही २०१५ मध्ये टी-४५० ला परत आली. २०१७ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसाला एक खास थिंकपॅड काढला, त्याला पुन्हा सात ओळी. आठवणीपुरता एकच, मग पुन्हा सहा. श्राद्धाला आवडता पदार्थ करतात तसं.

आमच्यातले काही इतके वेडे की टी-४३० आणि एक्स-२३० मध्ये आदल्या पिढीचा सातओळी कीबोर्ड बसवतात. प्लॅस्टिक जरा तासावं लागतं, आणि आतल्या कंट्रोलरच्या फर्मवेअरला (चिपमधल्या कायमच्या प्रोग्रॅमला) ठिगळ लावावं लागतं, नाहीतर बटणं भलतंच बोलतात.

आता गंमत. डाव्या खालच्या कोपऱ्यात एफएन आणि त्याच्या उजवीकडे कंट्रोल, ही थिंकपॅडची वर्षानुवर्षांची खोड. बाकी बहुतेक जग उलटं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, अदलाबदलीची सोय आहे. २०२४ पासून एक्स-१ कार्बनला कंट्रोल कोपऱ्यात आणला, म्हणजे चूक सुधारली. माझी करंगळी आता तिथं चुकते!

मधली_सुट्टी

काका लोक जमलेत वाटतं 😄

सॉरी, पण २०१२ च्या कीबोर्डवर इतकं? मी तीन वर्षं काम करतोय, एस्केप आणि एफ-१० आठवड्यात किती वेळा दाबतो ते आठवावं लागेल. अर्धा कोड तर एआय सुचवतो, आपण टॅब दाबायचा. टॅब सगळ्यांच्या कीबोर्डवर आहे.

पाइपलाइन

मसु, टॅब दाबतोस हे खरं. सुचवलेलं नको असेल तेव्हा काय दाबतोस? 😏

मधली_सुट्टी

...एस्केप.

बरं, पॉइंट तुमचा.

पाइपलाइन

एस्केपचा विषय निघालाय तर मॅकचं राहायला नको. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅकबुक प्रोला टच बार आला आणि एस्केप काचेत गेलं. दिसायचं, पण हाताला लागायचं नाही. त्यातही ते अगदी डाव्या कडेला नव्हतं, किंचित आत होतं. म्हणजे आंधळेपणानं कोपऱ्यावर मारलेलं बोट फुकट. टच बार नसलेल्या १३ इंचीला खरं एस्केप होतं. आमच्याकडे अनेकांनी केवळ त्यापायी तो स्वस्तातला घेतला. ॲपलनं लगोलग मॅकओएसमध्येच कॅप्स लॉकला एस्केप करायची सोय दिली. मला तर तो कबुलीजबाबच वाटला होता.

त्याच पिढीत फुलपाखरू कीबोर्ड. तो २०१५ च्या १२ इंची मॅकबुकपासून सुरू झाला होता. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. त्यात कणभर धूळ गेली की बटण अडकायचं किंवा एका दाबात दोनदा उमटायचं. लेखात 'आई'चं 'आईई' झालं तर वाचणारा समजून घेतो. व्हेरिएबलच्या नावात दोन एल पडले की कंपायलर समजून घेत नाही, आणि दोन समान-चिन्हांची तीन झाली तर जावास्क्रिप्टमध्ये तो कोड चालतोसुद्धा, फक्त वेगळा चालतो! जून २०१८ मध्ये ॲपलनं फुकट दुरुस्तीची योजना जाहीर केली. नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंचीत जुन्या धाटणीचा कात्रीवाला कीबोर्ड, एक मिलिमीटरचा दाब आणि खरं एस्केप परत आलं. उलट्या टी-सारखे बाणही परत. २०२१ च्या १४ आणि १६ इंचीत टच बार गेला, पूर्ण उंचीची एफ-ओळ आली. फुलपाखरू कीबोर्डवरून ॲपलवर झालेला अमेरिकेतला दावा २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरवर मिटला.

तीन वर्षं लागली एक बटण परत मिळायला.

जुना_टर्मिनल

थोडा इतिहास, कारण एस्केप कोपऱ्यात असणं हेही काही वेदवाक्य नाही.

बिल जॉय यांनी बर्कलीला व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वज, लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्यावर एस्केप क्यूच्या डावीकडे होतं, म्हणजे आज टॅब असतं तिथं. कंट्रोल एच्या डावीकडे, आजच्या कॅप्स लॉकच्या जागी. आणि एच, जे, के, एल या बटणांवर बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये हलायला ती चार अक्षरं, आणि दर दोन मिनिटांनी एस्केप. तेव्हा ते करंगळीच्या बाजूला होतं हो! नंतर कीबोर्ड बदलले, एस्केप वर कोपऱ्यात गेलं, व्हीआय होता तिथंच राहिला. धागाकर्त्यानं कॅप्स लॉकचं एस्केप केलं ते एका अर्थी माहेरच्या अंगणापर्यंत परत आणणंच.

कंट्रोल आणि चौकटी कंसाचंही तसंच. तो काही विमचा चोरदरवाजा नाही. आस्की या अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीत डाव्या चौकटी कंसाचा आकडा ९१. टर्मिनलवर कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा होतात. उरले २७, आणि २७ म्हणजे एस्केप. त्यामुळे हा उपाय कुठल्याही मशीनवर, कुठल्याही टर्मिनलमध्ये, काहीही सेटिंग न करता चालतो. मी तरुणांना पहिला हाच शिकवतो.

इसारकाठी

जुना_टर्मिनल, 'कुठल्याही मशीनवर' नाही हो. मी म्युनिकला असतो. या आणि जर्मन कीबोर्डवर करून दाखवा.

इथं चौकटी कंसाला स्वतःचं बटणच नाही. ऑल्ट-जीआर आणि ८ म्हणजे डावा चौकटी, ९ म्हणजे उजवा. ७ आणि ० वर महिरपी. ऑल्ट-जीआर स्पेसबारच्या उजवीकडे, म्हणजे उजवा अंगठा आत वळवून त्याच हाताची बोटं वरच्या ओळीकडे ताणायची. प्रत्येक फंक्शन उघडताना एकदा आणि मिटताना एकदा. तुमचा कंट्रोल-चौकटी मग तीन बटणांचा होतो, आणि बरेच प्रोग्रॅम तो ओळखतच नाहीत. शिवाय वाय आणि झेडची अदलाबदल, कंट्रोलवर 'श्ट्रग' लिहिलेलं, डिलीटवर 'एंटफ', होमवर 'पोस १'. पहिल्या महिन्यात मी अनडू करायला गेलो की रीडू व्हायचं.

इथले जर्मन सहकारीही कोडसाठी अमेरिकन मांडणी घेतात. मीही आता तीच मागवतो. भारतात दुकानात जाऊन कुठलाही लॅपटॉप उचलला तरी आडवं एंटर आणि अमेरिकन मांडणीच असते, ४ च्या बटणावर फार तर ₹ छापलेलं. हे किती मोठं सुख आहे ते तिथं असताना कळलं नव्हतं.

ऐकून_वाचते

बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहिते.

मी दृष्टिहीन आहे. जावामध्ये बॅकएंडचं काम करते, पडदा एनव्हीडीए नावाचा प्रोग्रॅम वाचून दाखवतो. सगळ्यांचे उपाय वाचले आणि एकेक करून माझं काम बंद पडत गेलं 🙂

कॅप्स लॉक. तुमच्या दृष्टीनं वाया गेलेली जागा. एनव्हीडीएच्या बहुतेक आज्ञा एका ठरावीक बटणासोबत दाबायच्या असतात. ते बटण इन्सर्ट असतं, नाहीतर कॅप्स लॉक. नव्या लॅपटॉपांवर इन्सर्ट एकतर नाही, नाहीतर एफएनखाली. उरलं कॅप्स लॉक. माझ्या मशीनवर कुणी त्याचं एस्केप केलं तर मला खिडकीचं नावही ऐकता येणार नाही. असं एकदा झालंय. एका ठिकाणी रुजू झाले तेव्हा टीमची सेटअप स्क्रिप्ट (नव्या मशीनची सेटिंग आपोआप करणारा प्रोग्रॅम) चालवली, तिच्यात ती ओळ होती. दोन तास मला वाटत होतं एनव्हीडीए बिघडलंय.

अंकांचा गठ्ठा. तो मला हवाच असतो. त्यावरचा ८ म्हणजे ही ओळ वाच, ७ मागची, ९ पुढची. १, २, ३ म्हणजे मागचं अक्षर, हे अक्षर, पुढचं अक्षर. कोडमध्ये ओळ ऐकून भागत नाही. शेवटी अर्धविराम आहे की अपूर्णविराम, कंस गोल की महिरपी, हे अक्षरागणिक ऐकावं लागतं. लॅपटॉपसाठी वेगळ्या आज्ञा आहेत, पण त्यांत बोटांच्या गाठी पडतात.

एफ-ओळ. जुन्या कीबोर्डवर चार-चार बटणांनंतर फट असायची. एफ-७ शोधायचा म्हणजे मधल्या गटातलं तिसरं. बऱ्याच लॅपटॉपांनी फटी बुजवल्या, आता मी एस्केपपासून मोजत जाते. डेलनं २०२२ च्या एक्सपीएस १३ प्लसला ती ओळ सपाट स्पर्शाची केली, एस्केपसकट. त्यावर बोट ठेवून शोधताच येत नाही, कारण ठेवलं की दाबलं गेलंच.

आणि २०२४ पासूनचं को-पायलट बटण, मायक्रोसॉफ्टचा एआय उघडणारं. ते जिथं आलं तिथं आधी मेनूचं बटण असायचं, किंवा उजवं कंट्रोल. मेनूचं बटण म्हणजे माझं राइट क्लिक. शिफ्ट-एफ-१० नं होतं, मान्य. पण तो एफ-१० धागाकर्त्याच्या मशीनवर उजेड वाढवतो. माझ्या काय कामाचा उजेड!

एफ आणि जे वरच्या त्या दोन बारीक रेघा अजून कुणी काढल्या नाहीत. तेवढं बरं आहे.

उलटा_स्लॅश

ताई, खरं सांगू? तीनदा वाचला प्रतिसाद. ज्या माणसाला मी शीर्षकात शिव्या घातल्या त्याचंच काम मी कॅप्स लॉकच्या बाबतीत केलंय. मला लागत नाही म्हणजे कुणालाच लागत नाही. आणि ती स्क्रिप्ट... आमच्याही टीमची एक आहे. मीच लिहिलीये. तिच्यात ती ओळ आहे.

अनुस्वार

को-पायलट बटणाबद्दल थोडी भर. ते बटण खरं म्हणजे स्वतःचं काहीच पाठवत नाही. डावं शिफ्ट, विंडोज आणि एफ-२३ असे तिघे एकदम दाबल्याचं नाटक करतं. एफ-२३! आयबीएमच्या १२२ बटणांच्या टर्मिनल कीबोर्डांवर एफ-२४ पर्यंत रांग असायची, तिथलं भूत आहे ते. मेनू बटण विंडोज बटणासोबत १९९४ मध्ये आलं होतं. तीस वर्षांचं भाडं भरून घर खाली केलं बिचाऱ्यानं. विंडोजवर पॉवरटॉइजच्या कीबोर्ड मॅनेजरनं त्याचं दुसरं काही करता येतं, लिनक्सवर कीडी नावाचं साधन आहे, मॅकवर बटणं बदलायला कॅराबिनर.

अवांतर: आपल्यातलं कुणी इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत) मराठी टाइप करतं का? मी करते. व्हीआयची ती चार अक्षरं इनस्क्रिप्टवर प, र, क, त येतात. मेलला मराठीत उत्तर देऊन परत विममध्ये आले आणि भाषा बदलायची विसरले, की कर्सर खाली जायचं नाव घेत नाही, विम नुसतं टुकटुक करतं. शेजारच्याला वाटतं मशीन अडकलं. मशीन ठीक आहे, मी त्याला 'रररर' म्हणतेय.

सातओळी

'रररर' 😂 दंडवत.

तपकीर_गल्ली

मी कोड लिहीत नाही, लिहिणाऱ्यांचे लॅपटॉप उघडतो. दुकान बुधवार पेठेत. तुमच्या चर्चेत एक राहिलं म्हणून लिहितो.

बटणांची जागा बदलली ती तुम्हाला दिसते. कीबोर्ड बसवायची पद्धत बदलली ती गिऱ्हाइकाला बिल आल्यावर दिसते. पूर्वी खालचे चार-पाच स्क्रू काढले की कीबोर्ड वर उचलला जायचा, पट्टी सोडवली, नवा टाकला, वीस मिनिटांचं काम. आता बऱ्याच पातळ मशिनांना कीबोर्ड वरच्या पत्र्याला बारीक रिव्हेटनं ठोकलेला असतो, काहींना प्लॅस्टिकचे ठिपके वितळवून. एक बटण गेलं तरी अख्खा वरचा भाग बदलायचा, त्यालाच बॅटरी चिकटवलेली असेल तर तीही. रिव्हेट उपटून नुसता कीबोर्ड बसवता येतो, मी बसवतो, पण पन्नास-साठ टाचण्या उपटायच्या आणि बसवताना एखादी जागा सैल राहिली की तिथं टाइप करताना डगडग लागते. प्रोग्रॅमरला ती लगेच कळते, अकाउंटवाल्याला कळत नाही.

कुठलं बटण आधी जातं ते पेशावरून सांगतो. अकाउंटवाल्याचं एंटर आणि अंकांचा ०. पोरांचं डब्ल्यू-ए-एस-डी, गेममुळे. तुम्हा लोकांचं डावं कंट्रोल, मग सी आणि व्ही.

मधली_सुट्टी

सी आणि व्ही 💀 काका, एवढं उघडं पाडायचं नसतं.

जुना_टर्मिनल

फ्रेमवर्क कंपनी कीबोर्ड सुटा काढता येईल असे लॅपटॉप करते. त्यांच्या १६ इंचीत तर कीबोर्डातलं फर्मवेअर क्यूएमके या खुल्या फर्मवेअरवर उभं आहे, म्हणजे बटणाचा अर्थ बटणातच बदलायचा, ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ता नाही. जागा मात्र लोखंडात ठरलेल्या, त्या कुठलं फर्मवेअर हलवणार.

उलटा_स्लॅश

आठवडा झाला, हालहवाल सांगतो.

पॉवर बटण 'काहीही नाही' केलं (फोडणी_बिट, धन्यवाद). करंगळी अजून तिथंच जाते, फक्त आता काही होत नाही. म्हणजे अक्षरही खोडलं जात नाही. मी दोन क्षण वाट बघतो, मग आठवतं. टेबलावर बाहेरचा कीबोर्ड लावला. घरी आणि ट्रेनमध्ये लॅपटॉपचाच, त्यामुळे बोटांना आता दोन घरं सांभाळावी लागतात, सोमवारची सकाळ जरा वाईट जाते.

टीमच्या स्क्रिप्टमधली कॅप्स लॉकची ओळ काढली. म्हणजे पूर्ण नाही, आता ती आधी विचारते: कॅप्स लॉकचं एस्केप करायचं का? काही न सांगता पुढं गेलात तर हात लावत नाही.

ऐकून_वाचते

छान केलंत. प्रश्न टर्मिनलमध्येच विचारते ना? खिडकी उघडून माउसनं टिचकी मारायला लावत नाही ना?

उलटा_स्लॅश

टर्मिनलमध्येच, ताई. वाय किंवा एन, आणि एंटर.

इसारकाठी

वाय कुठला, तुमच्या जागेवरचा की आमच्या?